मच्याडो चौकशी समिती

सहावी मॅच हरल्यावर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदा 'गोलकीपर' हा शब्द आला, आणि जेरार्ड मच्याडोच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला. नाव कोणी घेतलं नव्हतं. पण संघात गोलकीपर एकच होता आणि तो जेरार्डचा मुलगा होता, त्यामुळे नाव घ्यायची गरजच नव्हती.

मेसेज अरुण मेहेंदळ्यांचा होता. मेहेंदळे दुबईत फायनान्स मॅनेजर. त्यांचा विहान त्याच संघात फॉरवर्ड होता आणि गोल मारणं हे त्याचं एकमेव काम त्याने सहा मॅचमध्ये एकदाही केलं नव्हतं. ही बाब मेहेंदळ्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, "विथ ड्यू रिस्पेक्ट, सहा मॅच, एकोणीस गोल. गोलकीपिंगबद्दल कोणीतरी बोलायलाच हवं." खाली सात जणांनी अंगठे दिले होते. त्यात दूर अबू धाबीच्या टोकाला, रुवैसच्या रिफायनरीत काम करणारे एक वडीलही होते, ज्यांनी आजवर एकही मॅच पाहिली नव्हती. जेरार्डला सगळ्यात जास्त तो अंगठा लागला.

जेरार्ड मूळचा वसईच्या गिरीजचा. हमरिया फ्री झोनमध्ये पोलादी टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तो सेफ्टी ऑफिसर होता. तिथे कोणाच्या पायावर साधा पाना पडला, तरी जेरार्डची चौकशी बसायची. पाना तिथे का होता, पाय तिथे का होता, आणि दोघांची गाठ का पडली, हे कळेपर्यंत तो पान्यालाही सोडत नसे आणि पायालाही. त्याचं एक तत्त्व होतं. 'कोणी केलं' असं विचारायचं नाही, 'का झालं' असं विचारायचं. कोणी केलं असं विचारलं की लोक खोटं बोलतात. का झालं असं विचारलं की जरा कमी खोटं बोलतात.

"ॲड्रियन, ग्रुपवर काय लिहिलंय पाहिलंस?" त्याने मुलाच्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं.

ॲड्रियन शारजातल्या एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "इट्स फाइन, डॅड. आय लेट देम इन. इट्स ऑन मी."

"एकोणीसच्या एकोणीस? मग डिफेंडर काय करत होते?"

"डॅड, प्लीज. लीव्ह इट."

मुलगा दरवेळी हेच बोलायचा, इट्स ऑन मी, आणि बोलताना इतका शांत असायचा की जेरार्डला ते खटकायचं. लहानपणी साधं कॅरममध्ये हरला तरी बोर्ड उधळणारा हा पोरगा. तो आता गपगुमान दोष अंगावर घेतोय, म्हणजे याची उमेद गेली, असं जेरार्डच्या मनाने घेतलं.

त्यात कॉलेजच्या स्टुडंट अफेअर्समधून झारा मॅडमचा मेल आला. लीगमध्ये मॅच एकूण नऊ. नवांत मिळून एकही पॉइंट मिळाला नाही, तर फुटबॉलचा संघ बंद आणि मैदानाची शनिवारची वेळ क्रिकेटवाल्यांना. म्हणजे 'ज्याच्यामुळे फुटबॉल बंद पडलं तो गोलकीपर' हे बिरुद ॲड्रियनला पुढची दोन वर्षं, सगळ्या कॉलेजभर, कँटीनपासून लायब्ररीपर्यंत मिरवावं लागणार होतं. राहिल्या होत्या तीन मॅच. जेरार्डने कप खाली ठेवला आणि आपली एकसदस्यीय चौकशी समिती जाहीर केली. जाहीर म्हणजे स्वयंपाकघरात बायकोला, इसाबेलला सांगितली.

"कर बाबा," इसाबेल म्हणाली. "पण पोरं बिचारी किती दमतात रे. येत्या शनिवारी मी जरा जास्तच करते."

हे जास्त करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. इसाबेल वसईतल्याच नंदाखालची. दुबईच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कची सुपरवायझर, आठवड्यात एकच सुट्टी आणि ती शनिवारी. त्या सुट्टीच्या दिवशी ती पहाटे उठायची, मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट घालून भिजवलेलं पीठ हाताने सोडत फुगे तळायची आणि माहेरून आलेला मसाला घालून पातेलंभर चिकन करायची. मॅच साडेचारला, तर तीन वाजता गाडीची डिकी उघडून सगळ्या संघाला वाढायला सुरुवात. पोरं उपाशीपोटी खेळायला उतरणार, हे तिला सहन होणारं नव्हतं. तिच्या हातचे गोल, लुसलुशीत फुगे रश्शात बुडवून खाताना परप्रांतीय काय आणि परदेशी काय, सगळी पोरं डोळे मिटायची. तीन वेळा 'नो आंटी' म्हटल्याशिवाय तिचा डाव थांबत नसे, आणि तीन वेळा म्हणण्याइतकं तोंड कोणाचं रिकामं नसे.

समितीने कामकाज शेजारापासून सुरू केलं. चौथ्या मजल्यावरच्या कुंदाताईंना लिफ्टमध्ये विषय कळला आणि त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून निदान केलं. "गोल दक्षिणेला आहे का?" जेरार्डने सांगितलं की हाफटाइमला बाजू बदलतात, त्यामुळे अर्धा वेळ दक्षिणेला आणि अर्धा वेळ उत्तरेला असतो. कुंदाताई क्षणभर विचारात पडल्या. "मग अर्धी मॅच तरी बरी जायला हवी होती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मुलाची दृष्ट काढायला सांगितलं. दृष्ट इसाबेलने आधीच काढली होती, शिवाय संत अंतोनीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, तीही चालू होती, म्हणजे तो विभाग समितीच्या मते व्यवस्थित होता.

दुसरे साक्षीदार कोच उझैर. कराचीच्या ल्यारीतला माणूस, आठवडाभर खेळाच्या दुकानात बूट विकायचा आणि शनिवारी कोच व्हायचा. जेरार्डने त्याला दुकानातच गाठलं.

"जेरार्ड भाई, कीपर आपका अव्वल है," उझैर म्हणाला. "बस, लड़के ज़रा... भारी हो जाते हैं."

"भारी म्हणजे? वजन?"

"वजन नहीं. मतलब, मॅच के टाइम पे." तो एकाच बुटाची नाडी पुन्हा पुन्हा ओवायला लागला. "छोड़िए. भाभी कैसी हैं? पिछले हफ़्ते का डब्बा मेरे पास रह गया है."

साक्षीदार काहीतरी लपवतोय, एवढी नोंद समितीने मनात केली. तेव्हा प्रत्यक्ष पुरावा हवा. जेरार्डने ठरवलं, सातव्या मॅचचा व्हिडिओ काढायचा आणि प्रत्येक गोल थांबवून थांबवून पाहायचा.

मैदानावर सरावाच्या दिवशी त्याने मोबाईल वर धरला आणि सिक्युरिटी गार्ड हजर झाला. कॅम्पसवर शूटिंगला परवानगी लागते. परवानगी सिक्युरिटी ऑफिसात. सिक्युरिटी ऑफिसने स्टुडंट अफेअर्सला पाठवलं, स्टुडंट अफेअर्सने अर्ज ऑनलाइन भरायला लावला, आणि ऑनलाइन अर्जाने जेरार्ड हा विद्यार्थी नसल्यामुळे त्याला आत घ्यायलाच नकार दिला. शेवटी अर्ज कागदावर झाला. एमिरेट्स आयडीची कॉपी, पासपोर्टची कॉपी, मुलाचं ओळखपत्र, आणि 'कारण' या रकान्यात जेरार्डने सवयीने लिहिलं, इन्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन.

अर्ध्या तासात झारा मॅडमचा फोन. "मिस्टर मच्याडो, व्हॉट इन्सिडेंट? इज एनीबडी हर्ट?"

"ओन्ली फीलिंग्ज, मॅडम," जेरार्ड म्हणाला.

परवानगी मिळाली, पण अट घालून. शूटिंग फक्त स्वतःच्या पाल्याचं करावं, इतर विद्यार्थी फ्रेममध्ये येता कामा नयेत. कारखान्यात लोकांना नियम पाळायला लावण्यात ज्याचा जन्म गेला, तो स्वतः नियम कसा मोडणार? सातव्या मॅचला जेरार्ड गोलच्या जाळीमागे उभा राहिला आणि नव्वद मिनिटं त्याने फक्त ॲड्रियन टिपला.

पारदर्शक कारभार म्हणून तो व्हिडिओ त्याने आधी ग्रुपवर टाकला आणि मग पाहिला. हा क्रम चुकला. व्हिडिओत अफाट हिरव्या मैदानावर ॲड्रियन एकटाच होता. तो न दिसणाऱ्या लोकांवर ओरडत होता, मग कुठूनतरी बॉल यायचा आणि जाळीत जायचा. दोनदा. खाली मेहेंदळ्यांनी लिहिलं, "थँक्स फॉर शेअरिंग. क्लिअरली व्हिजिबल." यावेळी अंगठे अकरा होते.

पण व्हिडिओत जे आलं नाही, ते जाळीमागे उभ्या जेरार्डने कानांनी ऐकलं होतं. अफनान म्हणून एक धिप्पाड डिफेंडर होता. पहिल्या गोलच्या आधी तो गोलपोस्टला टेकून उभा होता आणि ॲड्रियनला म्हणत होता, "ब्रो, आय कान्ट टर्न."

"हाऊ मेनी?" ॲड्रियनने विचारलं.

"टेन. अँड चिकन."

तेवढ्यात समोरच्या संघाचा एक किडमिडीत फॉरवर्ड अफनानच्या बाजूने निवांत निघून गेला. अफनानने वळायचा प्रयत्न केला, पण आधी मान वळली, मग खांदे, आणि कंबर वळेपर्यंत गोल झाला होता. पलीकडचा दुसरा डिफेंडर खाली बसून बांधलेली नाडी बांधत होता, आणि विहान मेहेंदळे अर्ध्या रेषेपाशी कमरेवर हात ठेवून ढेकर देत होता.

जेरार्डने गाडीत बसून पद्धतशीर प्रश्न विचारले. गोल का झाला? अफनान वळला नाही. का वळला नाही? पोट भरलेलं. का भरलेलं? दहा फुगे. दहा का? कारण तीनदा 'नो आंटी' म्हणायला त्याचं तोंड मोकळं नव्हतं. पाचव्यांदा 'का' विचारायची जेरार्डची हिंमत झाली नाही, कारण ते उत्तर शेजारच्याच सीटवर रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसलं होतं आणि म्हणत होतं, "एक फुगा उरला नाही बघ. हरली तरी खाल्लं पोरांनी पोटभर, तेवढंच समाधान."

आता सेफ्टीचं शास्त्र सांगतं की धोका कळला की तो आधी दूर करायचा. शास्त्राला बायको नसते. जेरार्डने पुढचे दोन दिवस वेगवेगळ्या प्रकारे सुरुवात करून पाहिली. एकदा तो म्हणाला, "इसाबेल, खेळाडूंनी म्हणे केळं खावं." त्यावर ती म्हणाली, "केळंही ठेवते फुग्यांबरोबर." मग त्याने हाय खाल्ली आणि सरळ थाप मारली.

"कॉलेजचं सर्क्युलर आलंय. बाहेरचं खाणं बंद."

इसाबेलचा हात पिठात होता, तो तिथेच राहिला. "कोणी कम्प्लेंट केली?"

"कोणी नाही. असंच. जनरल."

"जनरल काही नसतं, जेरार्ड. कोणीतरी केली असणार." आणि आता घरात दुसरी चौकशी समिती बसली, जी पहिलीपेक्षा जास्त कडक होती. संशय थेट मेहेंदळ्यांच्या स्मितावर गेला. दुसऱ्या मॅचला स्मिता म्हणाली होती, "आम्ही तेलकट जरा कमीच खातो," आणि म्हणता म्हणता डबा भरून घेऊन गेली होती. पुढच्याच दिवशी सुपरमार्केटात स्मिताने लांबून हात केला, तर इसाबेल कांद्यांकडे बघत राहिली. स्मिता रडवेली होऊन घरी गेली, आणि मेहेंदळ्यांनी त्याचा संबंध गोलकीपरवरच्या मेसेजशी जोडून जेरार्डला एक लांबलचक, अतिशय सभ्य आणि अतिशय झोंबणारा मेसेज पाठवला.

एवढ्यावर इसाबेल थांबली असती तर ती इसाबेल कसली. तिने झारा मॅडमना फोन केला. जेरार्ड बाल्कनीत दार लावून उभा राहिला, पण स्पीकर चालू होता.

"मिसेस मच्याडो, देअर इज नो सच सर्क्युलर," झारा मॅडम म्हणाल्या. जेरार्डने डोळे मिटले. "बट नाऊ दॅट यू मेन्शन इट, देअर शुड बी वन. थँक यू फॉर रेझिंग इट."

दोन दिवसांत सर्क्युलर आलं. कॅम्पसवर बाहेरचं अन्न आणण्यास मनाई, फक्त नगरपालिकेची मान्यता असलेला केटरर चालेल. जेरार्डने ते दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत त्याच्या कुठल्याही शिफारशीची इतक्या झटपट अंमलबजावणी झाली नव्हती. मेहेंदळ्यांनी तत्परतेने केटररचा भाव काढला. "माणशी पस्तीस दिरहम. म्हणजे आठशे रुपये. आठशेत डोंबिवलीत आमचं अख्खं घर जेवेल." त्यामुळे तो विषयही मिटला.

आठव्या मॅचला जेरार्ड हलक्या मनाने गेला. धोका दूर झाला होता, पोरं आज हरणासारखी पळणार होती. साडेचार वाजले. मैदानावर समोरचा संघ सगळा उभा. आपल्याकडचे आले होते सहा. विहान आला होता, कारण मेहेंदळ्यांनी त्याला स्वतः आणून सोडलं होतं. नियमाने खेळायला निदान सात लागतात.

"रेफरी साहब, पाँच मिनट और," उझैर गयावया करत होता आणि दुसऱ्या हाताने फोन लावत होता. अफनानने उचलला. "कोच, टुडे असाइनमेंट." बाकीच्यांनाही एकाच दिवशी असाइनमेंट आली होती, वेगवेगळ्या शाखांत शिकत असूनही. शेवटी रेफरीने घड्याळ पाहिलं, खलास म्हणाला आणि समोरच्यांना तीन-शून्यने विजयी घोषित करून निघून गेला.

"म्हणजे एकूण चोवीस झाले," मेहेंदळे म्हणाले.

"अहो, त्याने आज बॉलला हातसुद्धा लावला नाही," जेरार्ड म्हणाला.

"तेच तर म्हणतोय मी."

जेरार्ड काही बोलणार, तेवढ्यात उझैरने त्याला हाताला धरून बाजूला नेलं. "भाई, अब सच बोलूँ? ये लड़के फुटबॉल के लिए आते ही कब थे? अजमान में छह-छह लड़के एक कमरे में, पूरा हफ़्ता नूडल्स. शनिवार को भाभी का खाना. मैंने सोचा, इसी बहाने नब्बे मिनट मैदान पे खड़े तो रहते हैं. खाना गया, टीम गई."

जेरार्डने मनातला अहवाल तिथेच फाडला. ज्या कारणाने संघ हरत होता, त्याच कारणाने संघ होता. असं त्रांगडं कारखान्यात कधी उभं राहिलं नव्हतं.

घरी परतताना गाडीत बापलेक दोघंच होते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर जेरार्डने विषय काढला. "ॲड्रियन, मी शोधून काढलं. तुझा दोष नाही. मम्मीचे फुगे."

"एव्हरीबडी नोज, डॅड."

"काय?"

"सिन्स द फर्स्ट मॅच. वी हॅड अ मीटिंग." ॲड्रियन खिडकीबाहेर बघत होता. "शी वेक्स अप ॲट फोर, ऑन हर ओन्ली डे ऑफ. हू वॉज गोइंग टू टेल हर? सो आय सेड, जस्ट पुट इट ऑन मी. कीपर गेट्स इट एनीवे."

जेरार्डने घराकडे वळणारी एक एक्झिट सोडली, मग दुसरी सोडली. त्याला वाटत होतं पोराची उमेद गेली. आणि पोरगा एवढे दिवस आईचं मन राखायला साऱ्या कॉलेजचे टोमणे खात उभा होता. बापाने मात्र एक खरं वाक्य बोलायला घाबरून कॉलेजचं खोटं सर्क्युलर काढलं. त्याला आपली लाज वाटली आणि मुलाचा इतका अभिमान वाटला की समोरचा रस्ता जरा अंधूक दिसायला लागला. पण जेरार्ड रडणाऱ्यातला नव्हता, करणाऱ्यातला होता. शेवटची मॅच व्हायचीच होती. तिसऱ्या एक्झिटला त्याने गाडी वळवली आणि घरी जाऊन, बूटही न काढता, इसाबेलला सगळं सांगितलं. फुगे, अफनान, थाप, सगळं.

ती इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "चवीत काही कमी होतं?"

"चवीत कमी असतं तर जिंकलो असतो."

"आणि ॲड्रियनला माहीत होतं?"

"पहिल्या मॅचपासून. त्यानेच सगळ्यांना गप्प केलं."

इसाबेल खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मायेचं की रागाचं हे जेरार्डला ठरवता येईना, म्हणून तो दोन पावलं मागे सरला. ते दोन्ही होतं. "कारखान्यात कोणाच्या बोटाला खरचटलं तर दहा पानं लिहितोस," ती म्हणाली. "बायकोला एक ओळ सांगता येईना? आणि मी त्या बिचाऱ्या स्मितासमोर कांदे निवडत उभी राहिले." मग तिने डोळे पुसले आणि ड्यूटीवरचा आवाज काढला, ज्या आवाजापुढे रात्रभर भांडणारी गिऱ्हाइकंसुद्धा मुकाट्याने चावी घेऊन खोलीत जातात. "मॅच किती वाजता संपते?"

"साडेसहाला."

"आणि कॉलेजची हद्द?"

"गेटपर्यंत."

तिने पहिला फोन स्मिताला केला. सॉरी वगैरे शब्द नव्हता. "स्मिता, शनिवारी पंचवीस जणांचं लिंबू सरबत जमेल का गं तुला?" मग स्मिता म्हणाली, "जमेल की. साखर कमी घालू?" "घाल तुला हवी तशी," इसाबेल म्हणाली, आणि ही तिच्या बाजूने फार मोठी माघार होती.

दुसरा मेसेज संघाला. "शनिवारी जेवण मॅचनंतर. गेटच्या बाहेर, पार्किंगमध्ये. शेवटच्या शिट्टीपर्यंत जो धावेल, त्यालाच. इसाबेल आंटी." अर्ध्या तासात सगळ्यांचे 'येस आंटी' आले. सगळ्यांच्या असाइनमेंट संपल्या होत्या. ज्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता, अशा दोघांनी संघात जागा आहे का म्हणून चौकशी केली.

शनिवारी जेरार्डला मैदानाकडे फिरकायला इसाबेलची बंदी होती. त्याची नेमणूक गाडीच्या राखणीवर. त्याने आधी गेटवरच्या गार्डकडून हद्द नीट समजून घेतली. "सर, यह लाइन के बाहर आपका दुनिया," गार्ड म्हणाला आणि त्याने आपलीही एक प्लेट बाजूला काढायला सांगितली. मग रेषेच्या बाहेर डिकी उघडून जेरार्ड कुंपणाच्या जाळीतून जमेल तेवढी मॅच बघत राहिला. समोरचा संघ लीगमध्ये दुसऱ्या नंबरचा होता.

आणि पोरं पळाली. सकाळपासून पोटात काही नाही, आणि वारा नेमका पार्किंगकडून मैदानाकडे. अफनान वळत होता, परत वळत होता, घसरून बॉल काढत होता. त्याच्यामागे इसाबेल साइडलाइनवर उभी होती आणि कोणी जरा चालायला लागला की नुसतं त्याच्याकडे बघत होती. विहान अर्ध्या रेषेवरून धावत मागे येऊन डिफेन्सला उभा राहिला. समोरच्यांचाही जोर दुसऱ्या हाफमध्ये कमी झाला, कारण वारा काही एकाच संघासाठी वाहत नव्हता. त्यांचा एक फॉरवर्ड तर ॲड्रियनला विचारताना दिसला आणि ॲड्रियनने पार्किंगकडे बोट दाखवलं.

शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. जेरार्डने कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. बॉल आला, दहा-बारा डोकी एकदम वर गेली, आणि त्या सगळ्यांच्या वर ॲड्रियनचे दोन हात दिसले. तो बॉल छातीशी घेऊन खाली पडला आणि रेफरीने दोनदा सांगेपर्यंत उठलाच नाही. मग शिट्टी झाली. शून्य-शून्य. एक पॉइंट. संघ राहिला, शनिवार राहिला. उझैर मैदानात गुडघ्यांवर बसला आणि पोरं ॲड्रियनच्या अंगावर पडली, पण अगदी थोडा वेळ, कारण पुढच्या क्षणी सगळी गेटकडे धावत सुटली होती.

पार्किंगमध्ये डिकीभोवती झुंबड उडाली. हरण्याचा दोष घ्यायला आठ मॅच ॲड्रियनशिवाय कोणी पुढे आलं नव्हतं, बरोबरीचं श्रेय घ्यायला मात्र रांग लागली. उझैर म्हणाला, त्याने फॉर्मेशन बदललं होतं. मेहेंदळे म्हणाले, विहानला मागे खेळवा असं ते आधीपासून सांगत होते. झारा मॅडमनी रेषेच्या आतल्या बाजूने अभिनंदन केलं, मग इकडेतिकडे बघून एक पाऊल बाहेर टाकलं आणि प्लेट घेतली.

तोंडातला घास संपवून मेहेंदळे जेरार्डकडे वळले. आवाजात कुचकेपणा नव्हता, खरोखर जाणून घ्यायचं होतं. "मग मच्याडोसाहेब, तुमच्या चौकशीत शेवटी निघालं काय? आठ मॅच आपण हरलो, दोष कोणाचा होता?"

पोरं प्लेटमध्ये बघायला लागली. इसाबेलचा डाव पातेल्यात तसाच राहिला आणि तिचा चेहरा उतरला. एवढ्या लोकांत, स्मितासमोर, झारा मॅडमसमोर. ॲड्रियनने तोंड उघडलं. तो काय बोलणार, हे जेरार्डला पाठ होतं.

"माझा," जेरार्ड म्हणाला.

"तुमचा?"

"पहिल्या मॅचपासून मी लाइनवर उभा राहून ओरडायचो. पोरगा बिथरायचा. तो बिथरला की डिफेन्स बिथरायचा. आज मी इथे गाडीपाशी होतो, बघा काय फरक पडला."

कोणीतरी निदान रीत म्हणून 'छे छे, तसं काही नाही' म्हणेल, अशी जेरार्डची माफक अपेक्षा होती. तसं काही घडलं नाही. सुटकेचा एक सुस्कारा पार्किंगभर फिरला. "मला डाऊट होताच," मेहेंदळे म्हणाले. "भाई, मैं तो कब से बोलनेवाला था," उझैर म्हणाला. स्मिता म्हणाली, की पुरुषांना बोललेलं चालत नाही. झारा मॅडमनी विचारलं, पालकांनी मैदानापासून किती अंतरावर उभं राहावं याचं काही सर्क्युलर आहे का, आणि नसेल तर असायला हवं. पुढच्या सीझनला जेरार्डने गेटच्या बाहेर थांबावं, असं तिथल्या तिथे ठरलं.

"मी पहिल्या मॅचपासून सांगतेय," इसाबेल सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली. "पण हा माणूस ऐकतो कोणाचं?"

आणि तिने एक प्लेट काठोकाठ भरली, नको म्हणायला सवड न देता जेरार्डच्या हातात दिली, आणि दिल्यावरही तिचा हात थोडा वेळ त्याच्या हातावर तसाच राहिला.